रक्ताला लागलेली कुणकुण

मावशींचा जन्म गेला ऑपरेशन थिएटरात, भाचीचा चालला आहे उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरपाशी. मावशी सोलापूरच्या. स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करून आता निवृत्त झालेल्या. भाची नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्राची संशोधक. दोघींच्या कामाचा विषय एकच, बीजांडकोशाचा कर्करोग. एकमत मात्र फारसं कशावरच नाही.

या खेपेला ठिणगी पडली ती ‘लेडीज फुल बॉडी चेकअप’ नावाच्या पॅकेजवरून. साखर, थायरॉइड, डी जीवनसत्त्व यांच्या रांगेत त्यात ‘सीए-१२५’ अशीही एक ओळ असते. ओळखीतल्या एका चाळिशीतल्या बाईंचा आकडा ५८ आला. मर्यादा ३५ची. बाईंची झोप उडाली, नवऱ्याने इंटरनेटवर वाचून आणखी उडवली. मावशींनी एवढंच विचारलं, ‘पाळी कधी आली होती?’ रक्त दिलं तो पाळीचा दुसरा दिवस होता.

‘‘हा आकडा पाळीत वाढतो, गरोदरपणात वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, फायब्रॉइडमध्ये वाढतो,’’ मावशी फणफणल्या. ‘‘पोटाच्या टीबीत तर पाचशेच्या वर जातो. पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेलं, एवढ्यावर कॅन्सर ठरवून माझ्याकडे पाठवलेल्या टीबीच्या पोरी मी पाहिल्यात. आणि तुम्ही लोक आता आणखी एक मार्कर काढायला निघालात.’’

‘‘सीए-१२५ला हवी तेवढी नावं ठेव, मावशी. ती चाचणी निरोगी बाईसाठी काढलेलीच नव्हती. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली बोस्टनमध्ये तिची अँटिबॉडी तयार केली. निदान आधीच झालंय अशा बाईची गाठ उपचाराने कमी होतेय की वाढतेय, हे बघायला ती उपयोगी पडली आणि आजही पडते. पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगात मात्र निम्म्याच बायकांत ती वाढलेली सापडते. मी जिच्या मागे आहे ती गोष्ट वेगळी आहे. मी गाठीने सांडलेलं प्रथिन शोधत नाही. शरीराला त्या गाठीची कुणकुण लागली का, ते शोधते.’’

कुणकुण म्हणजे पी-५३ या प्रथिनाविरुद्ध रोग्याच्याच शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. भाचीचा सगळा जीव या एका प्रथिनात अडकला आहे, आणि त्याची कहाणी तशी आहेही.

१९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनमध्ये अरनॉल्ड लिव्हाइन, न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड, अशा निरनिराळ्या गटांना ते जवळजवळ एकाच वेळी दिसलं. पुढची दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं प्रथिन आहे अशीच सर्वांची समजूत होती, कारण प्रयोगशाळांतून फिरत असलेले त्याच्या जनुकाचे नमुने बिघडलेले होते. १९८९मध्ये बाल्टिमोरच्या बर्ट फोगेलस्टाइन यांच्या आणि लिव्हाइन यांच्या गटांनी समजूत उलटी केली. धड असलेलं पी-५३ गाठ होऊ देत नाही. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर पेशीला मरायला लावतं. १९९२ साली लेन यांनी त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

‘‘निरोगी पेशीत हा राखणदार वीसेक मिनिटंच जगतो,’’ भाची सांगत होती. ‘‘त्याचाच हुकूम घेऊन तयार होणारं एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला मोडीत काढत राहतं. आता जनुकात एखादं अक्षर बदललं आणि पी-५३ बिघडलं, तर ते हुकूमही सोडू शकत नाही. एमडीएम-२ बनत नाही, मोडतोड थांबते, आणि निकामी पी-५३ पेशीत साचत जातं. तुमच्या पॅथॉलॉजिस्टला काचपट्टीवर जी गडद तपकिरी केंद्रकं दिसतात ना, तो हा साठा. एरवी जे प्रथिन शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेलाही पडत नाही, ते मरणाऱ्या पेशींतून ढिगाने बाहेर पडायला लागतं. मग अँटिबॉडी तयार होतात.’’

हे काही आजचं ज्ञान नाही. न्यूयॉर्कच्या गटाला पी-५३ सापडलं तेच मुळी उंदरांच्या अँटिबॉडींमुळे. रसायनाने घडवलेल्या गाठी टोचलेल्या उंदरांच्या रक्तात ते ओळखणाऱ्या अँटिबॉडी होत्या. माणसाच्या रक्तात त्या प्रथम दाखवल्या क्रॉफर्ड यांनी, १९८२ साली. स्तनाचा कर्करोग असलेल्या १५५ बायकांपैकी १४ जणींत. पुढे तिएरी सुसी या फ्रेंच संशोधकाने याचा पिच्छा पुरवला. त्यात एक मजेची गोष्ट निघाली. जनुकातले बिघाड बहुतेक प्रथिनाच्या मधल्या भागात असतात, अँटिबॉडी मात्र चिकटतात त्याच्या दोन्ही टोकांना. शरीर बिघाडाला ओळखत नाही, साठ्याला ओळखतं. त्यामुळे बिघाड कुठलाही असो, एकाच चाचणीत काम भागतं.

बीजांडकोशासाठी हे फार सोयीचं आहे, कारण या अवयवाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त जीव घेणारा प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस. २०११ साली अमेरिकेच्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने अशा ३१६ गाठी तपासल्या तेव्हा ९६ टक्के गाठींत पी-५३चं जनुक बिघडलेलं निघालं. एका जनुकाशी इतकं घट्ट नातं असलेले कर्करोग थोडेच.

‘‘मग अँटिबॉडीही ९६ टक्के बायकांत सापडत असतील,’’ मावशी म्हणाल्या. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

‘‘नाही. साधारण पाचातल्या एकीत. फार तर चौघींतल्या एकीत.’’

‘‘आणि उरलेल्या?’’

‘‘काही बिघाड असे असतात की प्रथिन बनतच नाही, मग साठा नाही आणि अँटिबॉडीही नाही. साठा असला तरी प्रत्येकीची प्रतिकारयंत्रणा तो ओळखतेच असं नाही. पण आकड्याची दुसरी बाजू बघ ना. निरोगी माणसात या अँटिबॉडी क्वचितच असतात. पाळी आली म्हणून त्या वाढत नाहीत. आणि त्या लवकर येतात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये बास्ट यांच्याच गटाने २०१७ साली ब्रिटनमधलं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. बायका धडधाकट असताना दरवर्षी दिलेलं रक्त, ज्यांना पुढे कर्करोग झाला त्यांचं. ज्यांच्यात पी-५३ची अँटिबॉडी होती, त्यांच्यात ती सीए-१२५ चढण्याच्या वर्षभर आधी चढलेली होती. सीए-१२५ने ज्यांचा सुगावाच दिला नाही अशाही काहीजणी तिने पकडल्या. गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर ती रक्तात प्रथिन सोडून सोडून किती सोडणार? पण तेवढ्यावर अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी जाग्या झाल्या तर त्या स्वतःची संख्या वाढवतात, आणि त्यांची अँटिबॉडी आठवडेच्या आठवडे रक्तात टिकते.’’

जपानमध्ये अन्ननलिका, मोठं आतडं आणि स्तन यांच्या कर्करोगांत ही चाचणी विम्यातून होते, हेही तिने सांगून घेतलं. स्कॉटलंडमध्ये पी-५३ धरून सात अँटिबॉडींची रक्तचाचणी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी बारा हजारांवर लोकांवर आजमावली गेली, आणि दोन वर्षांत उशिरा सापडणारे कर्करोग कमी झाल्याचं २०२०मध्ये छापून आलं. तिचं म्हणणं असं की पी-५३ची अँटिबॉडी एकटी नको, चार-पाच मार्करांच्या पॅनेलमध्ये हवी.

मावशींनी कागद ओढला. डॉक्टर माणसं वाद घालताना कागद ओढतात तेव्हा समोरच्याने सावध व्हावं.

‘‘लिही. पन्नाशी उलटलेल्या एक लाख बायका. ब्रिटनचा हिशेब धर, तिथे हा आजार आपल्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे तुझ्याच बाजूने धरतेय. वर्षात चाळीसएक जणींना बीजांडकोशाचा कर्करोग निघेल. तुझं ते पॅनेल त्यातल्या तीस पकडतं, असं समजू.’’

‘‘समजू.’’

‘‘निरोगी बाईला चुकून पॉझिटिव्ह म्हणण्याचं प्रमाण शंभरात दोन. वाईट नाही ना?’’

‘‘छानच आहे.’’

‘‘शंभरात दोन म्हणजे लाखात दोन हजार. तीस कर्करोग शोधायला दोन हजार निरोगी बायका घाबरवल्या. बरं, नुसतं घाबरवून थांबता येत नाही. स्तनात गाठ दिसली तर सुई घालून तुकडा काढता येतो. बीजांडकोशात कर्करोगाचा संशय असेल तर आम्ही सुई घालत नाही, गाठ फुटून पोटात सांडायची भीती असते. संशय फेडायचा तर तो अख्खा बाहेर काढावा लागतो. दहा ऑपरेशनांमागे एक कर्करोग निघाला तर चालेल, असं आमच्या शास्त्रात मानतात. तेवढं साधायचं तर निरोगी बायकांत हजारामागे तीनपेक्षा कमी चुका व्हायला हव्यात. आहे तुझं पॅनेल तसं?’’

भाची गप्प राहिली. पण हा हिशेब तिलाही परका नव्हता, कारण तो विसरल्यामुळे तिच्याच क्षेत्राची शोभा झालेली आहे. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक निबंध आला. रक्तातल्या प्रथिनांचा ठसा पाहून संगणकाने कर्करोग असलेल्या ५० पैकी ५० बायका ओळखल्या, आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ जणींना बरोबर वगळलं. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव जणींना खरोखर कर्करोग असेल, असं त्यात म्हटलं होतं. ते खरं, पण ज्या गर्दीत जवळजवळ निम्म्या बायका रोगीच आहेत तेवढ्याच गर्दीत! मावशींच्या लाखभर बायकांना तीच चाचणी लावली तर शंभर पॉझिटिव्हांत एखादीलाच कर्करोग निघेल. पुढे कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच कच्च्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तो ठसा रोगाचा कमी आणि नमुने हाताळण्यातल्या फरकांचा जास्त वाटावा अशा खुणा सापडल्या. २००८ साली सहा प्रथिनांची ‘ओव्हाशुअर’ चाचणी अमेरिकेत बाजारात आली. तिथल्या औषध प्रशासनाने कान उपटल्यावर काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली.

खऱ्या बायकांवर काय होतं, तेही मोजून झालेलं आहे. अमेरिकेत ७८,२१६ बायकांची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना दरवर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी, निम्म्यांना नेहमीची देखभाल. २०११ साली निकाल आला. तपासलेल्यांत बीजांडकोशाच्या कर्करोगाने ११८ मृत्यू, न तपासलेल्यांत १००. ३,२८५ बायकांना खोटी घंटा वाजली, त्यातल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना तिचा गंभीर त्रास झाला. यातल्या एकीलाही बीजांडकोशाचा कर्करोग नव्हता.

‘‘हे १६३ आकडे नाहीत,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आतड्याला छिद्र पडणं म्हणजे काय, ते तुला फ्रीझरपाशी बसून नाही कळायचं.’’

बोलणं लागणारं होतं, आणि लागलंही. भाची थोडा वेळ चहाच्या भांड्याशी खुडबुड करत राहिली. मग तिने तिचं खरं हत्यार काढलं.

‘‘मावशी, ब्रिटनच्या चाचणीचं बोल. २,०२,६३८ बायका. इयन जेकब्स आणि उषा मेनन यांनी चालवलेली. तिच्यात एकाच आकड्यावर भिस्त नव्हती, दरवर्षी सीए-१२५ची चढण बघत होते. २०२१मध्ये सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर काय दिसलं? रक्ताची चाचणी झालेल्या गटात पहिल्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी झाले.’’

‘‘आणि मृत्यू?’’

‘‘मृत्यू...’’

‘‘तपासलेल्यांत हजारी सहा, न तपासलेल्यांत हजारी सहा. मी पाठ केलंय ते. लवकर सापडले, तरी बायका तेवढ्याच गेल्या.’’

‘‘पण का गेल्या, तोच तर माझा मुद्दा आहे! आपण ज्याला लवकर म्हणत होतो ते लवकर नव्हतंच. बैल गेल्यावर झोपा करत होतो. हा आजार बीजांडकोशात सुरूच होत नाही, निदान बहुतेक वेळा तरी. तो सुरू होतो फॅलोपियन ट्यूबच्या टोकाच्या झालरीत.’’

इथे भाचीची बाजू भक्कम आहे. २००१ साली डच डॉक्टरांनी घराण्यात हा कर्करोग असलेल्या बायकांच्या काढलेल्या ट्यूब बारकाईने पाहिल्या, तेव्हा बीजांडकोश स्वच्छ असतानाही ट्यूबच्या अस्तरात बिघडलेल्या पेशी सापडल्या. बोस्टनच्या ख्रिस्तोफर क्रम यांनी तो धागा पुढे नेला. आता त्या बिघाडाला ‘स्टिक’ म्हणतात; डोळ्याला न दिसणारा, सोनोग्राफीला न दिसणारा, झालरीतला एखादा ठिपका. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे अस्तरातल्या ओळीने बारा-पंधरा पेशी, दिसायला अगदी सरळ, फक्त पी-५३ने भरलेल्या. बाल्टिमोरच्या संशोधकांनी २०१७मध्ये जनुकांतल्या बदलांवरून अंदाज बांधला की स्टिकपासून बीजांडकोशाच्या कर्करोगापर्यंत साधारण सात वर्षं जातात. बीजांडकोशात पोचल्यावर मात्र सगळं भराभर होतं.

‘‘सात वर्षं, मावशी! आणि त्या सातही वर्षांत तिथे साचलेलं आहे ते पी-५३. सीए-१२५ नाही, गाठ नाही, पाणी नाही. त्या काळात कुणाला काही कळणार असेल तर ते प्रतिकारयंत्रणेलाच.’’

‘‘कळतं असं तू दाखवलंयस?’’

‘‘अजून नाही.’’

‘‘मूठभर पेशी, त्याही अस्तरात, अजून खाली न घुसलेल्या. त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनते हे सिद्ध करायचं बाकी आहे. आणि समजा बनते. सिएटलवाल्यांनी २०१६ साली काय दाखवलं? पोटातल्या पाण्याची फारच बारीक जनुकतपासणी केली, तर कर्करोग नसलेल्या बायकांच्याही पोटात बिघडलेल्या पी-५३च्या पेशी सापडल्या. वय वाढेल तशा जास्त. म्हणजे म्हातारं होणं आणि कर्करोग होणं, दोन्हींच्या वाटेवर तुझं पी-५३ बसलेलं आहे. सरळ दिसणाऱ्या त्या बारा-पंधरा पेशी घराण्यात काही नसलेल्या बायकांतही सर्रास असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना मरेपर्यंत काही होत नाही.’’

खरी अडचण मावशींनी यानंतर मांडली. गणिताच्या कागदापेक्षा ती जास्त जड होती.

‘‘माझ्यापुढे एक बाई बसलीय असं समज. बावन्न वर्षांची. तुझी अँटिबॉडी पॉझिटिव्ह, सोनोग्राफी स्वच्छ, एमआरआय स्वच्छ. मी तिला काय सांगू? वाट बघा? किती? पोट उघडते, बीजांडकोश काढते? त्यात काही निघालं नाही तर? पी-५३ची अँटिबॉडी अन्ननलिकेच्या कर्करोगात येते, आतड्याच्या येते, फुप्फुसाच्या येते. मग तिचं वरपासून खालपर्यंत सगळं तपासू? तुझी चाचणी सांगते, कुठेतरी काहीतरी आहे. कुठे ते सांगत नाही.’’

याला भाचीकडे तोडीचं उत्तर नव्हतं, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आज ते कुणाकडेच नाही. चाचणी किती आधी बोलते यावर खूप लिहिलं जातं. ती बोलल्यावर डॉक्टरने कुठे हात घालायचा, यावर फार थोडं.

मावशींच्या मनात तुलनेला घरचंच उदाहरण होतं. सोलापूरला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा मेमोरियलने आणि ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून खेड्यापाड्यांतल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली न्यू इंग्लंडच्या वैद्यक नियतकालिकात ते छापून आलं आणि जगाने त्यावरून धडे घेतले.

‘‘तिथे काय होतं?’’ मावशींचा आवाज चढला. ‘‘गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी दिसतं. बिघाड सापडला तर तिथल्या तिथे गोठवून टाकता येतो. पोट फाडावं लागत नाही. चाचणी चांगली होती म्हणून बायका वाचल्या नाहीत, पुढचा इलाज सोपा होता म्हणून वाचल्या.’’

‘‘आणि तिथेही पी-५३च होतं बरं का,’’ भाचीने मध्येच टोकलं. ‘‘एचपीव्हीचं ई-६ प्रथिन पी-५३ला धरून मोडीत काढतं. म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचं जनुक सहसा धडधाकट असतं. विषाणूच त्याला मारतोय म्हटल्यावर बिघडायची गरज काय?’’

मावशींना हे आवडलं. चांगल्या मुद्द्यापुढे त्या क्षणभर भांडण विसरतात.

बीआरसीएच्या बायकांवर मात्र दोघींचं जुळलं. ज्यांना बीआरसीए-१ जनुकाचा बिघाड वारशाने मिळाला आहे, त्यांतल्या शंभरातल्या चव्वेचाळीस जणींना ऐंशी वर्षांच्या आत हा कर्करोग होतो. बीआरसीए-२मध्ये सतरा जणींना. भारतात बीजांडकोशाचा कर्करोग झालेल्या चार-पाच बायकांमागे एकीत यातला बिघाड सापडतो, आणि तरी तिच्या बहिणींची तपासणी व्हायची राहूनच जाते. मावशींच्या लाखाच्या कागदावर अशा बायका घातल्या की सगळं गणित बदलतं. रोगाचं प्रमाण वाढलं की खोट्या घंटांचं ओझं आपोआप हलकं होतं. अँजेलिना जोलीने २०१५ साली स्वतःच लिहून सांगितलं होतं: आई याच आजाराने छपन्नाव्या वर्षी गेलेली, स्वतःला बीआरसीए-१. तिचं सीए-१२५ सरळ होतं, पण दुसरे काही दाहाचे आकडे वाढलेले. ती वाट बघत बसली नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी ट्यूब आणि बीजांडकोश काढून टाकले. त्यात कर्करोग निघाला नाही.

‘‘शहाणी बाई,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘चाचणीच्या नादी लागली नाही.’’

‘‘चाळिशीच्या आत पाळी बंद. हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका. शहाणपणाची किंमत तिने मोजलीच. तिला कुणी खात्रीने सांगितलं असतं की अजून पाच वर्षं थांबलीस तरी चालेल, तर?’’

मावशी यावर काही बोलल्या नाहीत, पण विषय त्यांनी आपल्या आवडीच्या रस्त्याला नेला. रक्त कशाला तपासता, ट्यूबच काढा ना! कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१०पासून डॉक्टरांनी ठरवलं की गर्भाशय काढताना किंवा नसबंदी करताना ट्यूबही पूर्ण काढायच्या, बीजांडकोश ठेवायचे. अशा २५,८८९ बायकांचा हिशेब २०२२मध्ये आला. सीरस कर्करोगाच्या पाचेक केस व्हायला हव्या होत्या, झाली एकही नाही.

‘‘आपल्याकडे पाहणी सांगते की शंभर विवाहित बायकांपैकी अडतीस जणींची नसबंदी झालेली असते, महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्यांची. थोडीथोडकी नाहीत, कोट्यवधी पोटं आम्ही एकदा उघडलेलीच आहेत. प्रत्येक वेळी ट्यूब बांधून परत आत ठेवली. तीच काढली असती तर?’’

आता कागद भाचीने ओढला.

‘‘लिही मावशी. भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना हा कर्करोग होतो. म्हणजे लाखामागे सात धर. जिची नसबंदी होते ती पंचविशीतली पोर. तिला हा आजार व्हायचाच असेल तर तीसेक वर्षांनी. एवढ्या पुढच्या धोक्यासाठी तू आज लाखोंवर जरा मोठी शस्त्रक्रिया करायची म्हणतेस. शिबिरात. बारीकशा छेदातून. बीजांडकोशाला जाणारी रक्तवाहिनी ट्यूबला लागूनच असते, तिला धक्का लागला तर? २०१४ साली बिलासपूरच्या शिबिरात साधी नसबंदी करून घेतलेल्या डझनभराहून जास्त बायका दगावल्या. आणि तुझ्या कॅनडाच्या हिशेबात अजून फार थोडी वर्षं गेलीत. पाच व्हायला हव्या होत्या, शून्य झाल्या. पाच हा आकडा केवढासा!’’

मावशींचं शस्त्र मावशींवरच उलटलं. निरोगी बाईला हात लावायचा तर हिशेब चोख हवा, हा त्यांचाच नियम. तो अँटिबॉडीला लागू आणि सुरीला माफ, असं चालायचं नाही. त्यांनी एवढंच कबूल केलं की शिबिरात नको, सुसज्ज रुग्णालयात दुसऱ्या कारणाने पोट उघडलेलं असेल तेव्हाच. ती माघार बऱ्यापैकी मोठी होती, पण मावशींनी ती सहज बोलून टाकली.

‘‘तुझ्या स्टिकचं काय करायचं ते सांगते,’’ मावशी मग म्हणाल्या. ‘‘बीआरसीएच्या बायका ट्यूब आणि बीजांडकोश काढायला आमच्याकडे येतातच. काढलेली ट्यूब हल्ली पॅथॉलॉजिस्ट अख्खी कापतात. झालर उभी चिरून दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या. त्यांत शंभरातल्या पाचेक जणींत स्टिक निघतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तू त्यांचं रक्त घे. कुणाच्या ट्यूबमध्ये काय निघालं, ते तुला सांगायचं नाही. तू आधी तुझ्या अँटिबॉडीचा निकाल लिहून दे. मग दोन्ही कागद समोरासमोर ठेवू.’’

भाचीचे डोळे चमकले, आणि लगेच ती हिशेबाला लागली. हजार बायका मिळाल्या तर पन्नास स्टिक. अँटिबॉडी मोठ्या गाठींतही पाचातल्या एकीतच असते, तेव्हा स्टिकमध्ये फार तर दहा. उरलेल्या साडेनऊशेंपैकी कितीजणींत ती विनाकारण निघते, तेही याच रक्तातून कळेल.

‘‘दहासुद्धा नाही निघाल्या तर?’’ मावशींनी विचारलं.

‘‘तर ट्यूबमधल्या बिघाडाची कुणकुण रक्ताला लागत नाही, असं छापू. माझं दहा वर्षांचं काम पाण्यात.’’

‘‘आणि हजार बायका आणायच्या कुठून? एका रुग्णालयात वर्षाला किती होतात अशा शस्त्रक्रिया?’’

‘‘मुंबई, पुणे, नागपूर, बंगळूर, सगळीकडून रक्त गोळा करावं लागेल. सगळीकडे एकाच पद्धतीने, एकाच तापमानाला. नाहीतर आमचाही ठसा नमुने हाताळण्याचाच निघायचा.’’

मावशींनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची, आता ठिकठिकाणी विभागप्रमुख झालेल्यांची नावं लिहायला घेतली. चौथ्या नावापाशी त्या थांबल्या आणि भाचीला म्हणाल्या, ‘‘याला तू फोन कर. माझं त्याचं भांडण आहे.’’